पणजोबांची महायुद्धातली मेडल काळी पडलीत, घासू का?

माणदेशी_गडी:
नमस्कार मंडळी. पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीत लढले एवढंच घरात माहिती. जुनं घर उतरवताना पत्र्याच्या ट्रंकेत मेडलं निघाली, दोन चांदणीसारखी (एकीची फीत लाल-पांढरी-हिरवी) आणि एक गोल, सोबत घडीवर फाटलेलं डिस्चार्ज सर्टिफिकेट आणि पुरचुंडीत भोकाचे पैसे. काका म्हणतात पितांबरीनं घासून फ्रेम करू. एक जुन्या वस्तूवाला गोल मेडलच तेवढं मागत होता, मी दिलं नाही. उलट मलाच असल्या वस्तू जमवायची ओढ लागलीय. घासू का? आणि सुरुवात कुठून करू?

जुनाबाजार_पुणे:
अजिबात घासू नका!! काळेपणा राहू दे, मऊ कोरड्या फडक्यानं धूळ पुसा बस्स. भिंग घेऊन गोल मेडलची कड आणि चांदण्यांची मागची बाजू बघा, तिथं बारीक इंग्रजी अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट असणार. दुसऱ्या महायुद्धाची मेडलं ब्रिटिश सैनिकांना बिननावाची मिळाली पण हिंदुस्थानी सैनिकांची नाव घालून दिली, म्हणून आपल्याकडची मेडलं इतकी मोलाची, आणि पावडरीनं घासून घासून तीच अक्षरं जातात. लाल-पांढरी-हिरवी फीत म्हणजे इटली स्टार. दुसरी गडद निळी, लाल, आकाशी अशी सारख्या पट्ट्यांची असेल तर १९३९-४५ स्टार, आरमार, पायदळ आणि हवाई दलाचे रंग आहेत ते. आणि सेट फोडू नका, एकाच माणसाची मेडलं आणि कागद एकत्र असले तरच त्याची लढाई कळते. इटलीत मराठ्यांनी दोन व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक) मिळवले, यशवंत घाडगे १९४४ मध्ये (मरणोत्तर) आणि नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर, तुमचे पणजोबा त्याच मोहिमेतले, हे घरातल्या पोरांना सांगा.

गिरगावकर_ताई:
मी रणांगणापेक्षा घरातल्या वस्तू जमवते, रेशनकार्डं, पत्रं, नोटा. ते भोकाचे पैसे टाकू नका हो, १९४३ पासूनचे असतील, धातू वाचवायला मध्ये भोक पाडलं, मुकुट आणि पानांची वेल बघा किती सुबक. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची नोटही तेव्हाच पुन्हा काढली. मुंबईत १९४३ ला धान्याचं रेशनिंग आलं, ती कार्डं फार कमी उरलीत कारण कोणी जपलीच नाहीत, ट्रंकेच्या तळाला अंथरलेले कागद पण उलगडून बघा. कागदाला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, दोन पांढऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा.

सातारा_फौजी:
नवीन घेताना घाई नको. ओतीव नकला खूप फिरतात, अक्षरं बोथट आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे असतील तर सोडून द्या. फीत नवी असली तर बिघडत नाही, मेडल खरं पाहिजे. संगीन, काडतूस असलं काही दिसलं तर हात लावण्याआधी पोलिसात विचारा, जिवंत असेल तर जीव जाईल. पहिल्या महायुद्धाची मेडलं शंभर वर्षांपलीकडची, ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत, परदेशी गिऱ्हाईक जास्त भाव देतंय म्हणून कुरिअर करू नका.

माणदेशी_गडी:
भिंगातून दिसलं!! कडेवर पणजोबांचं नाव आहे, स्पेलिंग वेगळंच पण नंबर सर्टिफिकेटशी जुळतोय. काकांना वाचून दाखवलं, आता तेच घासू नको म्हणतायत. बटालियन कुठली ते कसं कळेल?

सातारा_फौजी:
सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शिक्के आणि कोपऱ्यातलं पेन्सिलचं लिखाणसुद्धा. मग नंबर, नाव (दोन्ही स्पेलिंग), गाव आणि भरतीचं साल लिहून बेळगावच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. मूळ कागद पाठवू नका, झेरॉक्सच.