सल्ला हवा: पॉबजॉयचं छोटं रेडियल इंजिन प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

पाना_पकड: नमस्कार मंडळी. मी लाकडी विमानांची मॉडेलं करतो. सध्या कॉम्पर स्विफ्ट हे जुनं छोटं ब्रिटिश विमान घेतलंय, मूळ मापाच्या पाव. नाकातलं पॉबजॉयचं रेडियल, म्हणजे सात सिलिंडर गोलाकार मांडलेलं इंजिन, नुसत्या फोटोंवरून नीट उतरत नाही. जूनमध्ये लेकीकडे लंडनला जातोय, एकच दिवस मोकळा आहे. कुठे जाऊ? आणि आराखड्यात प्रॉपेलरचा दांडा इंजिनाच्या मध्याच्या बराच वर दाखवलाय. ही चूक आहे का?

जुनी_गिरणी: अजिबात नाही, दांडा आहे तिथेच ठेवा! डग्लस पॉबजॉय यांची खरी हुशारी तिथेच आहे. इंजिन जेमतेम 2.8 लिटरचं, वजन साठेक किलो, व्यास दोन फुटांहून थोडा जास्त. त्यातून 75 अश्वशक्ती काढायची तर ते मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे फिरवावं लागतं. त्या वेगाला मोठा प्रॉपेलर हवा नीट कापत नाही. म्हणून मध्ये दातेरी चाकांची जोडी घालून प्रॉपेलरचे फेरे निम्म्याहून कमी केले. साधी दोन चाकं शेजारी शेजारी बसवली की दुसरा दांडा मध्यावरून सरकणारच, तो त्यांनी वर घेतला. त्याच काळातलं डी हॅविलँडचं पहिलं जिप्सी इंजिन 5.2 लिटरचं, पॉबजॉयच्या दुपटीहून जड, आणि त्याचा प्रॉपेलर थेट क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलीत की पॉबजॉयच्या प्रेमातच पडाल.

ढगांआड: काका, बेडफर्डशायरमधलं ओल्ड वॉर्डन गाठा, तिथे शटलवर्थ संग्रह हे जुन्या विमानांचं संग्रहालय आहे. लंडनहून रेल्वेने बिगल्सवेड, पुढे टॅक्सी. तिथलं स्विफ्ट तर आपल्याकडचंच! सिलचरचे चहामळेवाले आल्बन अली यांचं ते विमान, नोंदणी व्हीटी-एडीओ, नाव 'स्कार्लेट एंजल'. 1933 साली दिल्लीच्या व्हाइसरॉय चषकाच्या शर्यतीत उतरलं आणि नंतर उडत इंग्लंडला गेलं. एवढ्याशा इंजिनावर! 1931 मध्ये आर्थर बटलर अशाच स्विफ्टने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला नऊ दिवसांत पोचले होते, मला तर ते वाचून अजून शहारा येतो. निघण्याआधी ईमेल करून विमान हँगरमध्ये आहे ना ते विचारा. प्रदर्शनी उड्डाणाचा दिवस जुळला तर तोच धरा.

पाना_पकड: दोघांचे मनापासून आभार. आपल्या नोंदणीचं विमान आहे म्हटल्यावर आता दुसरीकडे जाणं नाही. फोटो कसे काढू?

जुनी_गिरणी: समोरून एक, अगदी बाजूने एक. सिलिंडरांच्या डोक्यांवर आवरणाला जे फुगवटे आहेत ते तिरक्या उजेडात टिपा, मॉडेलात बहुतेकांचे तिथेच चुकतात. आणि प्रॉपेलरच्या मध्यापासून आवरणाच्या वरच्या व खालच्या कडेचं अंतर समोरच्या फोटोत मोजता येईल असं बघा, म्हणजे दांडा किती वर घ्यायचा ते पक्कं होईल.