शहरपातळीवर सर्क्युलर इकॉनॉमी: पहिला प्रवाह कोणता निवडावा?

नकाशावाला
पाचेक लाख वस्तीच्या शहरासाठी चक्रीय अर्थव्यवस्थेचा, म्हणजे वापरलेला माल फेकण्याऐवजी पुन्हा वापरात आणण्याचा, आराखडा करायचा आहे. मसुद्यात ओला कचरा, राडारोडा, सांडपाणी, दुरुस्ती केंद्रं असं सगळंच कोंबलंय, वर "७० टक्के पुनर्वापर" हे उद्दिष्ट. पैसा आणि माणसं मात्र एकाच गोष्टीला पुरतील. सुरुवात कुठून करावी? शहरात काय येतं, काय जातं याचा हिशेब कसा मांडतात?

वजनकाटा
आधी ते ७० टक्के खोडा. गाडी प्रकल्पाच्या फाटकातून आत गेली की माल 'पुनर्वापरात' धरला जातो. त्यातला निम्मा नाकारून डेपोत गेला तरी आकडा तोच राहतो. अ‍ॅमस्टरडॅमने २०२० च्या धोरणात नव्या कच्च्या मालाचा वापर २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरवलं. मोजायचं ते हे.

हिशेब सरळ आहे: आलेलं वजा गेलेलं म्हणजे शहरात साठलेलं, मुख्यतः इमारती आणि रस्ते. 'गेलेलं' आधी मांडा, ते हाताशी असतं. खेपा मोजून टन काढू नका, पावसात तीच गाडी बरीच जड भरते. प्रत्येक खेप काट्यावर घ्या. कचऱ्यात काय आहे हे बघायला गाडी रिकामी करून ढीग कालवायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकी काढून टाकायचे. साधारण १०० किलो उरेपर्यंत हेच, मग हाताने वर्गवारी. सलग सात दिवस करा, कारण सुट्टीचा कचरा वेगळा असतो. आणि किमान दोन ऋतूंत.

भंगारवाले उचलतात ते पालिकेच्या वहीत दिसत नाही. ते न मोजता सुक्या कचऱ्याचं कंत्राट काढलं तर चालू साखळी तुटते आणि तीच पुन्हा पैसे मोजून उभी करावी लागते.

चाळणी
माझं मत राडारोड्याला, म्हणजे पाडकामाचा माल क्रशरमध्ये दळून त्याची खडी करायला. वजनाने अवाढव्य, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक पालिका स्वतःच: रस्त्याचा खालचा थर, पेव्हर ब्लॉक, कर्बस्टोन. कॉलम-बीमच्या काँक्रीटचा हट्ट सुरुवातीला नको.

पाडकामाचा क्रम: दारं-खिडक्या, वायरी, पाइप, मग जिप्समची छतं आणि पार्टिशन, शेवटी सांगाडा. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे सर्वांत आधी, न फोडता, प्रशिक्षित माणसांकडून. जिप्सम खडीत गेलं तर त्यातल्या सल्फेटने काँक्रीट फुगतं, तडे जातात. आणि एकदा क्रशरमध्ये भुगा झाला की ते वेगळं करणं महाकठीण.

दुसरी गोची पाण्याची. या खडीला जुना मॉर्टर चिकटलेला असतो. साधी खडी वजनाच्या १-२ टक्के पाणी शोषते, ही बहुधा ४ ते ८. कोरडीच टाकली तर मिक्सरमधलं पाणी पिते आणि साइटवर पोचेपर्यंत माल घट्ट होतो. आधी भिजवून, वरचं पाणी निथळू देऊन वापरा.

नकाशावाला
मग असे प्रकल्प बंद का पडतात?

चाळणी
माल येत नाही, नाहीतर जात नाही. दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, नसलेली वस्तू इंजिनिअर अंदाजपत्रकात धरत नाही. म्हणून आधी चाचणी अहवाल, मग दरसूचीत नोंद, मग टेंडरमध्ये 'किमान इतके टक्के' ही अट. क्रशर त्यानंतर. माल यावा म्हणून पाडकामाच्या परवान्यासोबत अनामत घ्या आणि ती काट्याची पावती दाखवल्यावरच परत करा. मोकळ्या जागी फुकट टाकता येतंय तोवर तुमच्या फाटकाशी कुणी येणार नाही.

आंबवण
थोडा विरोध नोंदवतो. ओला कचरा वेगळा निघाला नाही तर कागद-पुठ्ठा बरबटतो आणि सुक्याला भाव राहत नाही. स्वच्छ ओला कचरा बंद टाकीत हवेविना कुजवला तर एका टनातून साधारण १०० घनमीटर बायोगॅस मिळतो. पहिले काही आठवडे शेणाच्या रबडीवर जिवाणू रुजवून भार हळूहळू वाढवायचा. घाई केली की आम्ल साठतं, पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.८ च्या खाली घसरला की भरणा थांबवा, चुना ओतून वेळ मारून नेऊ नका. प्लास्टिक शिरलं तर तरंगून साय धरतं आणि पंप तुंबतो.

चाळणी म्हणतात तीच अडचण इथेही आहे. गॅस म्हणून जेमतेम आठवा भाग निघून जातो, बाकीचं जवळजवळ सगळं वजन, शिवाय घातलेलं पाणी, रबडी होऊन बाहेर येतं, तेही रोज. शेताला ती हंगामातच लागते. मधले महिने ती कुठे साठवायची आणि कोण उचलणार, याचा करार टाकीच्या टेंडरआधी झालेला हवा.