जुन्या लहान ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. खरखरतो आणि लोडवर मंदावतो : क्लच खोलावा का?

तासगावचा द्राक्षबागायतदार

नमस्कार. माझ्याकडे जुना घेतलेला २२ एचपीचा लहान ट्रॅक्टर असून तो मुख्यतः द्राक्षबागेत ब्लोअरसाठी (पंख्याच्या फवारणी यंत्रासाठी) आणि दोन ओळींमधल्या पट्ट्यात लहान रोटाव्हेटर चालवण्यासाठी वापरतो. सध्या त्याच्या तीन तक्रारी आहेत. क्लच पूर्ण दाबूनही पी.टी.ओ.चा (मागचे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा) लिव्हर टाकताना गिअर खरखरतात. ब्लोअर चालू असताना ओळीच्या टोकाला क्लच दाबला तरी ट्रॅक्टर जागेवर थांबत नाही, हात-दोन हात पुढे सरकतोच. तिसरी आणि अधिक चिंतेची गोष्ट अशी की, रोटाव्हेटर जरा खोल गेला की त्याची पाती मंदावतात, इंजिनाचा आवाज मात्र तसाच राहतो आणि जळका वास येतो. आमच्या मेस्त्रींचे म्हणणे आहे की ट्रॅक्टर मधून वेगळा करून क्लच आणि पी.टी.ओ.चे गिअर दोन्ही बदलावेत. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे आणि त्यानंतर डाऊनी या बुरशीरोगाच्या फवारण्या सुरू झाल्या की ट्रॅक्टर एक दिवसही गॅरेजला ठेवता येत नाही. खोलण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त ट्रॅक्टर फिटर, कराड

दादा, या तीन तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत असे गृहीत धरू नका. मेस्त्रींनी तसे धरले आहे, म्हणून खर्चाचा आकडा मोठा झाला आहे.

प्रथम आपल्या ट्रॅक्टरला सिंगल क्लच आहे की डबल, हे निश्चित करा. डबल क्लचमध्ये पेडल अर्धे दाबले की चाके सुटतात आणि पूर्ण दाबले की पी.टी.ओ. सुटतो, सिंगलमध्ये दोन्ही एकदम सुटतात. आपल्या वर्णनावरून सिंगल वाटतो. तसे असल्यास रोटाव्हेटर मंदावतो त्या क्षणी चाकांकडे पाहा. चाके नेहमीच्या जोराने ओढत असतील आणि फक्त पाती थांबत असतील, तर क्लचचा दोष नाही. कारण क्लचच्या एकाच प्लेटवरून दोघांना ताकद जाते. मग रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट (जास्त लोड आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट), शाफ्टच्या स्प्लाइन (खाचा) आणि लिव्हर आपोआप सुटतो का, हे पाहावे लागेल. दोन्ही मंदावत असतील आणि इंजिन मात्र मोकळे पळत असेल, तर प्लेट घसरते आहे. इंजिनाचाही आवाज बसत असता, तर तो डिझेल फिल्टरचा किंवा अतिरिक्त लोडचा प्रश्न ठरला असता. आपल्याकडे तसे दिसत नाही.

घसरण पडताळण्यासाठी मोकळ्या सपाट जागेत, समोर कोणी नसताना, हँडब्रेक घट्ट लावून वरचा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडले तर प्लेट पकडते आहे; इंजिन चालूच राहिले तर घसरते आहे. ही चाचणी दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक लांबवू नये, नाहीतर प्लेटवरचे उरलेले लायनिंग (घर्षणाचा थर) तिथेच जळेल.

त्यानंतर पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे क्लचवर जोर येण्यापूर्वी पेडल जेवढे सहज दबते ते अंतर, पट्टीने मोजा. बहुतेक लहान ट्रॅक्टरांत तो साधारण २० ते ३० मि.मी. असतो; आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम समजावा. खेळ शून्य असेल तर रिलीज बेअरिंग (पेडलने सरकणारे बेअरिंग) सतत फिंगरवर (क्लच सोडवणाऱ्या बोटांवर) टेकून राहते, प्रेशर प्लेट क्लच प्लेटला पुरती दाबत नाही आणि लोड आला की प्लेट घसरते. खेळ फार जास्त असेल तर उलट होते, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतात.

क्लच हाउसिंगच्या तळाशी एक लहान भोक असते, ते चिखलाने बुजलेले असल्यास तारेने मोकळे करा. तिथून काळे तेल आले तर क्रँकचे मागचे सील गेले आहे. गिअर ऑइल आले तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील. तेलाने भिजलेली प्लेट पेडलचा खेळ जुळवणारा रॉड कितीही फिरवला तरी सुधारत नाही.

खरखरीबद्दल एवढेच सांगतो की, पेडल दाबल्यावर मनात दहा मोजा आणि मग लिव्हर टाका. प्लेट आणि तिचा शाफ्ट फिरायचे थांबायला वेळ लागतो, आणि आपली माणसे तेवढा दम धरत नाहीत. थांबूनही खरखरले, तरच प्लेट वाकली आहे, शाफ्टवर अडकते आहे किंवा फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग (शाफ्टचे पुढचे टोक धरणारे) जाम आहे, असा संशय घ्यावा.

कृषी अभियंता, मिरज

वरील उत्तराशी सहमत आहे. ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो त्याचे कारण वेगळे आहे. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबल्यावर इंजिन सुटते, पण ब्लोअरचा जड पंखा शाफ्टमार्गे गिअरबॉक्सशी आणि पर्यायाने चाकांशी जोडलेलाच राहतो, त्यामुळे त्याचा फिरता वेग ट्रॅक्टरला पुढे रेटतो. त्यावर पी.टी.ओ. शाफ्टवर एकाच दिशेने ताकद देणारे ओव्हररनिंग कपलिंग बसवणे हाच उपाय आहे. ते बसवल्यावर जोडणी काही सेंटिमीटरने लांब होते, म्हणून टेलिस्कोपिक (एकात एक सरकणारा) शाफ्ट तेवढा कापून घ्यावा लागतो. नाहीतर अवजार उचलताना शाफ्ट टेकतो आणि बेअरिंग फुटते. शाफ्टवरचे गार्डही पुन्हा पूर्ण झाकेल असे बसवा. मिनिटाला ५४० फेऱ्यांचा शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो आणि धोतराचा सोगा किंवा पदर सोडवायला वेळ देत नाही. तपासणीपूर्वी इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी.

तासगावचा द्राक्षबागायतदार

दोघांचेही आभार. क्लच सिंगल आहे. रोटाव्हेटर मंदावताना चाकेही मंदावतात. पेडलला खेळ जवळजवळ नाहीच. आधीच्या मालकाकडे खरखर घालवण्यासाठी रॉड आवळला गेला असावा. खालच्या भोकातून तेल आले नाही, फक्त काळी कोरडी भुकटी पडली. थांबून लिव्हर टाकला तर आवाज येत नाही. रॉड सैल करून पुस्तिकेप्रमाणे २५ मि.मी. खेळ ठेवला असता ब्रेकच्या चाचणीत इंजिन बंद पडले. आता खोलावे की थांबावे?

निवृत्त ट्रॅक्टर फिटर, कराड

पी.टी.ओ.चे गिअर बदलण्याचे कारण दिसत नाही. भुकटी म्हणजे झिजलेले लायनिंग आहे, तेव्हा प्लेट पातळ झालेली असणार. पण ती अजून पकडते. माझ्या मते या हंगामात ब्लोअर चालवावा आणि रोटाव्हेटर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने मारून घ्यावा, कारण ब्लोअरचा लोड एकसारखा असतो, तर रोटाव्हेटर दगडाला लागला की धक्का थेट प्लेटवर येतो. ड्रायव्हरला मात्र बजावून ठेवा की वळणावर अर्धा क्लच दाबून ब्लोअर फिरता ठेवायचा नाही. फवारा टोकाला तुटू नये म्हणून ते सगळेच करतात आणि प्लेट सर्वाधिक तिथेच जळते. दर आठवड्याला खेळ मोजा. झीज होईल तसा तो पुन्हा कमी होत जाईल.

माल उतरल्यावर, खरड (एप्रिल) छाटणीपूर्वी, ट्रॅक्टर खोलावा. तेव्हा प्लेटसोबत रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि दोन्ही बाजूंची सील बदलून घ्या, फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर लेथवर घासून घ्या आणि तिन्ही फिंगर एका उंचीला लावलेले आहेत का, ते जोडण्यापूर्वी समोर उभे राहून मोजून घ्या. सील स्वस्त असते, ट्रॅक्टर पुन्हा फोडण्याची मजुरी स्वस्त नसते.

तासगावचा द्राक्षबागायतदार

ठीक आहे. शेजाऱ्यांकडे रोटाव्हेटरसाठी बोलून ठेवले आहे. ओव्हररनिंग कपलिंग मिरजेत पाहतो. शाफ्ट ३५ मि.मी. व्यासाचा आणि सहा स्प्लाइनचा आहे, त्यामुळे तयार मिळावे.