मॅच सुरू असताना तुम्ही कुठे होतात?

कैरीपन्हं: काल लेक मोबाईलवर धोनीचा तो सिक्स बघत होता. म्हणाला, "आई, तू हा लाइव्ह बघितला असशील ना!" कसला लाइव्ह. 2 एप्रिल 2011, घरात सासरची चौदा माणसं, मी ओट्याशी, कढईत कांदाभजीचा चौथा घाणा. बाहेर एकदम गलका झाला, मला वाटलं कोणीतरी पडलं. झारा घेऊनच धावले तर सगळे एकमेकांच्या गळ्यात आणि टीव्हीवर रिप्ले. परत येईस्तोवर भजी काळी. त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. तुमचंही असं काही असेल तर लिहा.

मधलीसुट्टी: सेम! गंभीर 97 वर गेला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते.

बाराचाकट्टा: आम्हाला तरी कुठे वेळ असतो हो? रविवारी सकाळी क्रिकेट, मग कट्ट्यावर चहा. एवढंच.

मधलीसुट्टी: "एवढंच" :)) आणि जेवायला घरी येता तेव्हा ताट वाढलेलं असतं ना?

बाराचाकट्टा: ...असतं.

तिखटशेव: सरकारचं 2024 चं वेळवापर सर्वेक्षण आहे. घरकामात बायकांची दिवसाला 289 मिनिटं, पुरुषांची 88. तीही जे घरकाम करतात त्यांचीच सरासरी. नवऱ्याला दाखवलं तर म्हणे, "88? एवढं कोण करतं?"

उंडगा: भजीत कडकडीत मोहन घालता का? माझी मऊ पडतात.

पिंगाग: आजी श्रावणाची वाट बघायची. मंगळागौरीला रात्रभर झिम्मा, फुगड्या. देवीचं नाव पुढे केलं की अडवायची कोणाची टाप! सकाळी चूल मात्र तीच पेटवायची. आता आमचा खेळांचा ग्रुप आहे, गुरुवारी प्रॅक्टिस. पहिल्या फुगडीलाच घरून फोन, "कुकरच्या शिट्ट्या किती?"

कैरीपन्हं: @उंडगा मोहन नको. कांद्याला मीठ लावून ठेवा, सुटेल त्या पाण्यातच बेसन, चमचाभर तांदळाचं पीठ.

लिंबूटिंबू: मी बायकांची वर्ल्डकप फायनल सोफ्यावरून हलायचंच नाही असं ठरवून बघितली. हरमनप्रीतने शेवटचा कॅच घेतला तेव्हा नवरा आत कॉफी करत होता. "काय झालं, काय झालं?" करत आला. म्हटलं, थांब, रिप्ले दाखवतील. तेवढ्यात दूध उतू गेलं.

मधलीसुट्टी: गॅस कोणी पुसला?

लिंबूटिंबू: ते नका विचारू.

उंडगा: ताई, तांदळाचं पीठ नाहीये. रवा चालेल?