मदत हवी आहे: कोडमिरर ६ मधली शोधपट्टी वर का राहत नाही?

नमस्कार मंडळी,

मराठी माध्यमाच्या मुलांना पायथन शिकता यावं म्हणून एक वेबपान बनवतेय. कोड लिहायला कोडमिरर ६ (वेबपानात कोड-एडिटर बसवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) घेतलंय. त्याची शोधायची पट्टी मुळात एडिटरच्या तळाशी उघडते. लॅपटॉपवर चालून जातं, पण बरीच मुलं घरी आईवडिलांच्या फोनवर सराव करतात. तिथे 'शोधा' बटण दाबलं की कीबोर्ड वर येतो आणि पट्टी त्याच्यामागे गडप! काय टाइप होतंय तेच दिसत नाही.

सर्च एक्स्टेंशनला (शोधपट्टी पुरवणारा कोडमिररचा जोडभाग) 'टॉप: ट्रू' दिल्यावर पट्टी वर आली. पण बटणांवर मराठी हवं म्हणून 'क्रिएटपॅनल' वापरून स्वतःची पट्टी लिहिली, तर ती पुन्हा खाली. टॉप तसाच आहे, कन्सोलमध्ये एररही नाही. सीएसएसने ओढून वर आणली तर कोडची पहिली ओळ झाकली जाते, ते नकोय. शिवाय पट्टी उघडली तरी कर्सर कोडमध्येच राहतो आणि शोधायचा शब्द थेट प्रोग्राममध्ये उमटतो. नवशिक्या मुलांचा यात फार गोंधळ होतो. कुणी सांगेल का?

प्रतिसाद १:
सर्चला दिलेला 'टॉप' फक्त तयार पट्टी वाचते. स्वतःची पट्टी असेल तर क्रिएटपॅनलमधून जो ऑब्जेक्ट परत करता, त्यातच 'डॉम'च्या (पट्टीचा एचटीएमएल घटक) शेजारी 'टॉप: ट्रू' लिहा. कर्सरसाठी त्याच ऑब्जेक्टच्या 'माउंट'मध्ये (पट्टी पानावर आली की चालणारं फंक्शन) शोधशब्दाच्या इनपुटवर 'सिलेक्ट' कॉल करा. इनपुटला 'मेन-फील्ड' अ‍ॅट्रिब्यूटही लावा, म्हणजे पट्टी उघडी असताना पुन्हा कंट्रोल-एफ दाबलं तरी फोकस तिथेच जाईल.

पण नुसत्या मराठी शब्दांसाठी एवढा खटाटोप कशाला? तयार पट्टीच ठेवा आणि 'एडिटरस्टेट'च्या 'फ्रेजेस'मध्ये मूळ इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द द्या. मूळ शब्द हुबेहूब हवा: 'फाइंड'चा एफ कॅपिटल, 'नेक्स्ट'चा एन स्मॉल. हे चुकलं तर बटणावर इंग्रजीच राहतं. बटणं बोटाला लहान पडली तर थीममधून मोठी करा.

धागाकर्ती:
मनापासून आभार! फ्रेजेसने काम झालं, 'पुढचं' आणि 'मागचं' दिसायला लागलं, कर्सरही आपोआप खोक्यात जातो. अजून एक: पट्टी एडिटरच्या बाहेर, पानाच्या माथ्यावरच्या डिव्हमध्ये ठेवता येईल का?

प्रतिसाद २:
येईल की. 'पॅनल्स' एक्स्टेंशन जोडा आणि त्याच्या 'टॉपकंटेनर'ला तो डिव्ह द्या. सर्चमधला 'टॉप: ट्रू' मात्र काढू नका, वरच्या पट्ट्याच त्या डिव्हमध्ये जातात.