मदत हवी आहे: बेसन-लिंबाच्या लेपानंतर गाल चुरचुरताहेत

पळसफूल (इंदूर):
धाकट्या बहिणीची त्वचा नाजूक आहे, वय २४, हनुवटीवर पुटकुळ्या. तीन आठवडे दिवसाआड लेप लावला: दोन चमचे बेसन, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर हळद. वाळला की चोळून काढायचा. आता गाल लाल झालेत, साधं पाणी लागलं तरी आग होते. मुलतानी मिट्टी, कोरफड, खोबरेल यातलं काय चालेल?

मृद्गंध:
आजपासून लेप बंद. साधं पाणी झोंबतंय म्हणजे त्वचेचा वरचा थर उघडा पडलाय. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) साधारण २, आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. त्यात वाळलेलं बेसन चोळणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात ते वेगळंच. मुलतानी मिट्टी तेल शोषते, आत्ता तिच्या त्वचेला ते तेलच हवंय, म्हणून तीही नको.

घरचं करायचंच तर ओट्स. साधे घ्या, मसाल्याचे नकोत. मिक्सरमधून मैद्यासारखे काढा आणि चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात टाकून ढवळा. पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि पीठ लगेच तळाशी बसलं नाही, तर जमलं. बसलं तर परत दळा. एक चमचा पिठात तीन चमचे कोमट पाणी, चेहऱ्यावर पाच मिनिटं, वाळायच्या आत पाणी ओतून धुवा. चोळायचं नाही. रोज ताजं करा, उरलेलं टाकून द्या. भिजलेल्या पिठात जंतू फार लवकर वाढतात.

टॉवेलने नुसतं टिपा आणि चेहरा ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं व्हॅसलीन वाटाण्याएवढं, फक्त गालांवर. पुटकुळ्यांवर खोबरेल नको, छिद्रं बुजतात. आणि घरात नर्मदेचं (नळाचं) आणि बोरिंगचं अशी दोन्ही पाणी असतील तर चेहऱ्याला नर्मदेचंच. बोरिंगच्या जड, क्षारांच्या पाण्यात साबणाचा थर त्वचेवर राहतो, त्याने खाज सुटते.

ओट्सही आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर. रोज दोनदा, सात दिवस. एका दिवसात कळत नाही, ॲलर्जी उशिरा उठते.

तुळशीवृंदावन:
कोरफडीचं थोडं सांगते. पान कापलं की पिवळा चीक गळतो, चुरचुर होते ती बहुधा त्याचीच. पान पंधरा-वीस मिनिटं उभं धरून तो पूर्ण निथळू द्या, मग साल काढून गर दोनदा धुवा. तरीही आग शमेपर्यंत थांबाच. बेसन, दूध, बदाम असे खायचे पदार्थ फाटक्या त्वचेवर लावत राहिलं तर पुढे त्याचीच ॲलर्जी होऊ शकते.

पळसफूल:
ताई, मनापासून आभार. एक राहिलं. ती दोन महिने मेडिकलवरून आणलेली गोरेपणाची क्रीम लावत होती, लेप सुरू केल्यावर सोडली.

मृद्गंध:
मग ट्यूबवरचं बारीक अक्षर आजच वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. चेहऱ्याला त्याची सवय लागते आणि सोडलं की लाली, आग, पुटकुळ्या उसळतात. लेपाने त्यात भर घातली एवढंच. परत तीच क्रीम लावून आग शमवू नका, दोन दिवस बरं वाटेल आणि मग जास्त होईल.

इथे ओट्स पुरणार नाहीत. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, एम. वाय. या सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागातही दाखवता येईल. पापण्या सुजल्या, त्वचेतून पाणी सुटलं किंवा पिवळी खपली धरली तर त्याच दिवशी. तोवर नर्मदेचं पाणी, व्हॅसलीन आणि उन्हात निघताना सुती ओढणी. दुसरं काही लावू देऊ नका.

पळसफूल:
ट्यूब बघितली, मोमेटासोन लिहिलंय. उद्या सकाळीच नेते.