जोहान्सबर्ग : तीन दिवस, सोबत आई आणि लेक. कोणती संग्रहालयं, स्मारकं बघावीत?

सोनचाफा :
नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याच्या कामानिमित्त जोहान्सबर्गला जातोय. तो दिवसभर सँडटनला अडकलेला, त्यामुळे फिरणार आम्ही तिघीच : मी, आई (वय ६९, गुडघे दुखतात) आणि लेक (वय १२). प्राणी बघायला नंतर क्रूगरला जाणार आहोत, म्हणून शहरात फक्त संग्रहालयं, स्मारकं आणि जमल्यास चित्रांची दालनं. अपार्थाइड (तिथली जुनी वर्णभेदाची राजवट) म्युझियमचं नाव सगळेच घेतात. आणखी काय चुकवू नये? आईला गांधीजींच्या जागा बघायच्या आहेत. ती पूर्ण शाकाहारी आहे, तेही सांगा.

पायवाट :
अपार्थाइड म्युझियम बघाच, पण सकाळी ताज्या मनाने. तिकिटावर तुम्ही 'गोरे' की 'बिगरगोरे' हे छापून येतं आणि त्याप्रमाणे वेगळ्या दारातून आत जावं लागतं. आम्ही नवरा-बायको पहिल्याच मिनिटाला वेगळे झालो. जाळीपलीकडे तो दिसत होता, पण एकत्र चालता येत नव्हतं. लेकीला हे आधी समजावून ठेवा. आत एका खोलीत छताला १३१ फास टांगलेत, फाशी दिलेल्या राजकीय कैद्यांचे. ११ वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं ते स्वतःच सांगतात. बारा वर्षांच्या मुलीला चालेल, फक्त त्या खोलीत हात धरून न्या. अर्धा दिवस लागतो.

चौथीखोली :
मी सहा वर्षं तिथे राहिले. माझं ऐकाल तर तीनपैकी एक अख्खा दिवस कॉन्स्टिट्यूशन हिलला द्या. लोक अपार्थाइड म्युझियम करून इथे तासाभरात उरकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. म्युझियममध्ये इतिहास मांडून ठेवलाय, इथे तो घडलाय.

टेकडीवर जुना किल्ला आणि 'नंबर फोर' हा काळ्या कैद्यांचा तुरुंग आहे. जानेवारी १९०८मध्ये गांधीजी पहिल्यांदा तुरुंगात गेले ते इथेच. सकाळ-संध्याकाळ मक्याच्या पिठाची लापशी मिळायची, ती भारतीय कैद्यांना पचेना, म्हणून त्यांनी अर्ज केला होता. कोणत्या वंशाच्या कैद्याला काय खायला द्यायचं हे तुरुंगाने ठरवून दिलेलं असायचं, त्याचा तक्ता तिथे बघायला मिळतो. लेकीला तो वाचायला लावा. आणि कोठडीत घोंगड्यांच्या घड्या घालून केलेले रणगाडे दिसतील. कैदी खरंच असे आकार करायचे, ते माजी कैद्यांकडून पुन्हा करून घेतलेत. महिला तुरुंगही सोडू नका. वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या फातिमा मीर यांनी १९७६मध्ये कैदेत असताना इथे चित्रं काढली.

शेजारीच संविधान न्यायालय, म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय. कच्च्या कैद्यांची इमारत पाडून तिच्याच विटा न्यायालयाच्या भिंतीत बसवल्यात. न्यायदालनात जमिनीलगत एक लांब, अरुंद खिडकी आहे. आत बसलं की बाहेरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसतात. मी तिथे बराच वेळ बसून होते. एक शाळकरी मुलगा पळत गेला, मग एका बाईंच्या हातातली पिशवी खिडकीवरून सरकत गेली. न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर सतत सामान्य माणसांचे पाय, ही कल्पना मला कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठी वाटते. न्यायालयाचा कलासंग्रहही सुंदर आहे. चित्रकार ज्यूडिथ मेसन यांचा प्लास्टिकच्या पिशव्यांचा निळा झगा शोधून बघा, त्यामागची गोष्ट गाइडकडून ऐका.

आता आईंसाठी. न्यूटाउनमधल्या हमीदिया मशिदीजवळ १६ ऑगस्ट १९०८ रोजी गांधीजींच्या सत्याग्रहात भारतीयांनी आपले दोन हजारांहून जास्त नोंदणीचे परवाने कढईत टाकून जाळले, तिथे कढईचं स्मारक आहे. जवळच जुन्या पार्क स्टेशनचा लोखंडी सांगाडा आणून ठेवलाय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गांधीजींना याच पार्क स्टेशनवरून कैद्याच्या कपड्यांत, डोक्यावर बोचकं देऊन किल्ल्यापर्यंत चालवत नेलं. चार वर्षांनी, १९१२च्या ऑक्टोबरमध्येच, गोपाळ कृष्ण गोखले याच स्टेशनवर उतरले तेव्हा स्वागताला गांधीजींचे वास्तुविशारद मित्र कॅलनबाख यांनी सजवलेली कमान होती. तिथल्या कोकणी मुसलमानांनी आणि महाराष्ट्रातल्या मंडळींनी गोखल्यांनी मराठीत बोलावं असा आग्रह धरला. भाषांतर गांधीजींनी केलं. गोखले हसून म्हणाले, तुम्ही मराठी कधी शिकलात? हे गांधीजींनीच लिहून ठेवलंय. आपल्या कोकणातल्या कोतळूकचा माणूस जोहान्सबर्गमध्ये मराठीतून बोलला, हे आठवलं की मला अजूनही भरून येतं.

न्यूटाउनमध्ये पायी भटकू नका, गाडी आणि गाइड घेऊनच जा. ऑर्चर्ड्समधलं सत्याग्रह हाउस (गांधीजी १९०८-०९मध्ये कॅलनबाख यांच्यासोबत राहिले ते घर) मात्र निवांत आहे, आईंना तिथे बसता येईल.

रानवारा :
तिसरा दिवस सोवेटो. हेक्टर पीटरसन म्युझियम आधी, मंडेलांचं घर नंतर. १६ जून १९७६ला शाळेत आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात हेक्टर गेला. त्याला उचलून नेतानाचा सॅम न्झिमा यांचा फोटो तुम्ही पाहिला असेलच, शेजारी धावणारी मुलगी हेक्टरची मोठी बहीण आहे. अंगणात ठोकळ्यांवर मेलेल्या मुलांची नावं आहेत. तुम्ही त्याच दिवसांत जाताय, १६ तारखेला तिथे सुट्टी आणि प्रचंड गर्दी असते. ती टाळा.
चित्रांसाठी ब्राम्फोंटेनचं विट्स आर्ट म्युझियम पुरे. जेवायला फोर्ड्सबर्ग ही भारतीय वस्ती, तिथे आईंना शाकाहारी सहज मिळेल. संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडतो आणि थंडी असते. आईंना स्वेटर हवाच.

सोनचाफा :
गोखल्यांचं आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, आधी स्टेशन, मग बाकी सगळं. @चौथीखोली, पहिला दिवस न्यूटाउन आणि कॉन्स्टिट्यूशन हिल एकत्र केला तर आईला झेपेल का? किल्ल्यावर चढ किती आहे?

चौथीखोली :
एकत्र करू नका ताई. टेकडीवर चढउतार आणि पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी न्यूटाउन आणि सत्याग्रह हाउस, दुसरा पूर्ण दिवस टेकडी. तटबंदीवर तुम्ही दोघी चढा, तेवढा वेळ आईंना न्यायालयात त्या खिडकीसमोर बसवा. कामकाज नसेल तर आत जाऊ देतात. अपार्थाइड म्युझियम तिसऱ्या दिवशी सकाळी करून तिथूनच सोवेटोला निघा, रस्ता तिकडेच जातो.